शिवरंजनी, पियानो आणि वॉल्टर कॉफमन

सुवर्णमहोत्सवाची सुरुवात शाळेचा वाद्यवृंद आकाशवाणीच्या संकेतधुनीनं करणार आहे, ही बातमी फार आनंदाची. सकाळच्या अधिवेशनात शिकलेल्या माझ्या पिढीतल्या बहुतेकांना ही धून पाठ आहे. ती ज्यांची मानली जाते त्या वॉल्टर कॉफमन यांचं नाव मात्र थोड्यांना ठाऊक असतं. पियानो लावणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे मनोगताची जागा मी कॉफमन यांना आणि ही धून वाजवणाऱ्या मुलांना देतो.

कॉफमन 1907 साली कार्ल्सबादला, म्हणजे आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या कार्लोवी व्हारीला जन्मले. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे ते संगीतरचना शिकले. प्रागमध्ये त्यांचा प्रबंध तयार झाला होता, पण आपले प्राध्यापक नाझी आहेत हे कळल्यावर त्यांनी पदवी घ्यायचं नाकारलं. ज्यू माणसाला युरोपात दिवस कठीण होत चालले, तेव्हा 1934 साली ते मुंबईला आले. काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली: पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. 1937 ते 1946 ते मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते.

आपलं संगीत त्यांना सुरुवातीला अजिबात उमगलं नाही. पण कोट्यवधी लोक ज्यात रमतात त्यात काही नाही असं कसं होईल, दोष आपल्याच कानांचा, असं मानून ते शिकायला बसले. त्यांच्याविषयी सर्वांत जास्त आदर मला या एका गोष्टीसाठी वाटतो. पुढे कॅनडात हॅलिफॅक्सला पियानो शिकवणं, विनिपेग सिंफनीचं संचालन आणि 1957 पासून ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात अध्यापन, असा प्रवास झाला. 1968 साली उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ तिथूनच निघाला. त्याची मांडणी आपल्या पं. भातखंड्यांच्या दहा थाटांवर, म्हणजे रागांच्या दहा मूळ स्वरगटांवर आहे. 1984 साली ब्लूमिंग्टनलाच त्यांचं निधन झालं.

आता धुनीकडे. ती शिवरंजनी रागात: सा रे ग् प ध, गंधार कोमल, मध्यम-निषाद वर्ज्य. सूर पांढरी दोनचा घ्यावा, म्हणजे सा पियानोच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर (डी) धरावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मग व्हायोलिनवर डी, ए आणि ई या मोकळ्या तारा अनुक्रमे सा, प आणि रे होतात, आणि पियानोवर पाचही सूर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात: दोन, तीन, चार, सहा, सात. तानपुरा मर्दानी, म्हणजे खालच्या सुराचा मोठा हवा. त्याच्या चार तारा पंचम, दोन जोड (मधला सा) आणि खर्ज (खालचा सा) अशा लावाव्यात. जनानी तानपुरा इतका खाली उतरवला की तारा ढिल्या पडतात, जवारी (घोडीवरची तारेची झणकार) बोलत नाही आणि नुसती खरखर ऐकू येते.

चाल मात्र पियानोवर वाजवू नये. त्यावरचा कोमल गंधार षड्जापासून 300 सेंटवर असतो (सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं एकक, एका सप्तकात 1200). तानपुऱ्याशी जुळवून, सा च्या कंपनसंख्येशी 6:5 या प्रमाणात लावलेला गंधार 316 वर येतो. व्हायोलिन आणि पियानो एकदमच गंधारावर थांबले तर ते 16 सेंट कानाला खुपतात. पंचमात फरक जेमतेम दोन सेंटचा, म्हणून पियानोनं खालचे सा-प धरून ठेवावेत आणि चाल व्हायोलिनवर सोडावी.

सभागृहातला पियानो समारंभाआधी लावावा लागेलच. पुण्यात जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा साउंडबोर्डमध्ये, म्हणजे तारांखालच्या नाद देणाऱ्या लाकडी फळीत शिरतो, लाकूड फुगतं आणि तारा, विशेषतः मधल्या सप्तकातल्या, चढतात. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी झाली की त्याच तारा उतरतात. म्हणजे गणपतीत लावलेला पियानो दिवाळीत बेसूर. समारंभ डिसेंबरात आहे, तेव्हा नोव्हेंबरच्या अखेरीस लावणं योग्य. त्याआधी पियानो रंगमंचावर नेऊन ठेवा. लावून झाल्यावर ढकलाढकल केली की मेहनत वाया जाते. सूर 440 हर्ट्झ (मधल्या ए या सुराची प्रमाण कंपनसंख्या) पेक्षा बराच उतरला असेल तर दोन वेळा लावावा लागतो. सव्वादोनशेच्या आसपास तारांचा मिळून 15 ते 20 टन ताण सांगाड्यावर असतो; काही तारा चढवल्या की आधी लावलेल्या खाली येतात. पहिला हात भरभर सगळ्या तारांवरून फिरवायचा, काही दिवस थांबायचं, मग बारकाईनं लावायचं. खुंट्या सैल असतील आणि 440 वर टिकत नसेल, तर हट्ट करू नये. व्हायोलिन आणि तानपुरा पियानोशी मिळवा आणि पेटी बाजूला ठेवा, कारण तिच्या स्वरपट्ट्या ऐन वेळी उतरवता येत नाहीत.

संगीताच्या बाईंना एक विनंती. मुलांच्या हाती नोटेशन देण्याआधी आठवडाभर धून नुसती ऐकवा आणि तानपुऱ्यासोबत गाऊन घ्या. गंधार गळ्यात बसला की बोट तारेवर आपोआप योग्य जागी पडतं. आणि कार्यक्रमपत्रिकेत धुनीखाली कॉफमन यांचं नाव ठळक छापा.

— एक माजी विद्यार्थी, सकाळचं अधिवेशन