श्रावणात येणारा मासा

अमेरिकेच्या वायव्य टोकाच्या वॉशिंग्टन राज्याचं मत्स्य खातं दरवर्षी मासेमारीच्या नियमांची एक पुस्तिका काढतं. शंभराहून जास्त पानं, बारीक टाइप आणि भाषा थेट खरेदीखताच्या वळणाची. अमुक नदी, तमुक पुलापासून ढमुक ओढ्याच्या मुखापर्यंत, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. गळाचा उलटा काटा चिमटून सपाट केलेला हवा. रात्री बंदी. पुलाच्या पलीकडे पाणी तेच, मासा तोच, नियम मात्र निराळा. एवढं पाठ करावं, तर मधेच तातडीचा हुकूम निघतो आणि छापलेलं पान रद्द होतं. लायसनचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. सिअ‍ॅटलला आल्यावर आपल्या आर्थिक वर्षाशी जुळलेली एवढी एकच गोष्ट मला सापडली.

मी रत्नागिरीकडची. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला आणि नारळी पौर्णिमेला नारळ पाण्यात गेला की दर्या मोकळा, एवढं पंचांग मला पुरत असे. इथे प्रत्येक माशाचं पंचांग वेगळं, आणि ते न बघता पाण्यावर गेलात तर रिकाम्या हाताने किंवा दंडाची पावती घेऊन परत यायचं.

वर्षाची सुरुवात होते ट्राउटने. एप्रिलच्या चौथ्या शनिवारी सखल भागातले बरेचसे तलाव उघडतात, आणि तो दिवस इथे जत्रेचाच. पहाटेच्या गारठ्यात घडीच्या खुर्च्या, कॉफीचे थर्मास, आपल्याहून उंच काठ्या धरलेली पोरं. आमिष म्हणजे बरणीतला गुलाबी नाहीतर पोपटी रंगाचा गोळा. त्याचा वास एकदा बोटांना लागला की आठवडाभर नाकात राहतो. यातले बहुतेक ट्राउट सरकारने पाळलेले असतात. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवायचे, टाकीच्या ट्रकमधून आणायचे, जाड पाइपातून तलावात सोडायचे. कुठल्या तलावात किती सोडले ते खातं जाहीरही करतं. आमचे शेजारी या प्रकाराला नाक मुरडतात. आयुष्यभर विमानाच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेले गृहस्थ. नदीवर जाऊन जे गरवायचं तेवढीच मासेमारी, असं त्यांचं मत. मला ट्रकच्या माशांचं काही वावडं नाही. पाच माशांची मुभा असते, मुलं खूश होतात, आणि तलावातल्या ट्राउटला कधी कधी मातकट वास येतो तो आलं, लसूण, हळद आणि आमसुलापुढे टिकत नाही. वर रवा लावून तळला की विषय संपला.

सॅमन ही मात्र वेगळी बाब. कोकणातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही, कारण चढणीचे मासे आपण पाहिलेले असतात. पहिला पाऊस लागला, पऱ्ह्यांना लाल पाणी आलं की मासे उलटे वर चढतात, शेतातल्या पाण्यापर्यंत पोचतात, आणि माणसं रात्री बत्त्या घेऊन निघतात. इथली चढण तीच, फक्त फार लांबून आलेली. पिल्लू गोड्या पाण्यात जन्मतं, समुद्रात जातं, जातीप्रमाणे एकापासून चार-पाच वर्षं तिथे काढतं आणि अंडी घालायला बहुधा आपल्याच ओढ्यात परततं. ओढा ओळखतं तो वासावरून. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्थर हॅस्लर यांनी हे दाखवलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात कोहो सॅमनच्या पिल्लांना एका रसायनाच्या वासाची सवय लावली आणि पुढे तेच रसायन एका ओढ्यात सोडलं. मोठे होऊन मासे तिथेच आले.

यातली गंमत अशी की नदीत शिरलेला सॅमन खाणं सोडून देतो. अंगातल्या चरबीवर चढायचं, अंडी घालायची आणि मरायचं. मग भूकच नसलेला मासा गळ का धरतो? कुणी म्हणतं चिडून, कुणी म्हणतं जुन्या सवयीने. शेजाऱ्यांचं म्हणणं, तोंडासमोर सारखं काहीतरी फिरवलं तर तुम्हीही कधीतरी खेकसालच की.

आणि त्या तोंडासमोर काय फिरवतात? गाबोळी! सॅमनची ताजी, नारिंगी, मोत्याएवढ्या दाण्यांची गाबोळी. ती बोरॅक्स (टाकणखार), मीठ आणि साखर लावून मुरवतात, वर गडद गुलाबी रंग चढवतात, बरण्या भरून फ्रीजमध्ये ठेवतात आणि तुकडे करून गळाला लावतात. शेजाऱ्यांच्या अंगणात मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला खरोखर बोलायला सुचेना. आमच्या घरात गाबोळीच्या तुकडीवरून भावंडांत अबोला व्हायचा. शेवटी एक पुडकं मी मागूनच आणलं, अर्थात बोरॅक्सच्या आधी. मसाला लावून तव्यावर परतलं. दाणे तडतडून निम्मे गॅसवर उडाले, उरले ते उत्तम लागले. शेजाऱ्यांनी एक दाणा चाखला, मान डोलावली आणि उरलेली बरणी स्वतःकडे सरकवली. त्यांच्या मते ते आमिषच.

सॅमनच्या इथल्या जाती पाच, आणि त्या येतात नेमक्या आपल्या सणावारांच्या वाटेने. जुलैत सिअ‍ॅटलमधल्या बॅलार्डच्या जलद्वारापाशी सॉकाय दिसतो. 1917 साली सुरू झालेलं हे जलद्वार खाडीतून वॉशिंग्टन तलावात बोटी चढवतं. बाजूलाच माशांसाठी पाण्याचा जिना आहे आणि त्याला जमिनीखाली काचेच्या खिडक्या. तिथे उभं राहून सॉकाय फक्त बघायचा, कारण त्या तलावात तो गरवायला 2006 नंतर परवानगी मिळालेली नाही. मग ऑगस्टमध्ये पिंक. हा दोन वर्षांच्या आयुष्याचा मासा प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिअ‍ॅटलच्या खाडीत, विषम सालीच मोठ्या संख्येने येतो. सम साली त्याचा पत्ता नसतो, विषम साली लाखोंनी. किनाऱ्यावर माणसं खांद्याला खांदा लावून उभी, सगळ्यांच्या दोऱ्याला गुलाबी आमिष, कुणाला लागला की ‘फिश ऑन!’ अशी आरोळी आणि बाजूचे निमूट आपापला दोरा गुंडाळून घेतात. नवशिक्यालाही मिळावा असा हा मासा. दोन वर्षं वाट पाहून तो येतो आणि तो येतो तेव्हा आमच्याकडे श्रावण असतो!

एका विषम साली मी पिंक साफ करून, तुकड्या घालून फ्रीझरमध्ये ठेवला आणि महिनाभर वरण-भात खात त्या फ्रीझरकडे बघत राहिले. पिंकचं मांस मऊ; लगेच रक्त काढून बर्फात घातला नाही तर दुपारपर्यंत बिघडतो, आणि महिन्याने तर तो नुसता भुगा होतो. नवऱ्याचं म्हणणं, परदेशात श्रावण दोन आठवड्यांचा धरायला हरकत नाही. आईला विचारायची हिंमत अजून दोघांत नाही.

गणपतीच्या सुमारास चिनूक जवळच्या इसाक्वा गावच्या ओढ्यात शिरतात. गावाच्या मधोमध 1936 सालची हॅचरी आहे. पुलावरून वाकलं की हातभर लांबीचे, पाठ पांढुरकी पडलेले मासे प्रवाहात तोंड करून उभे. आरतीहून परतताना नेसत्या पैठणीत त्या पुलावर थांबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यातली प्रत्येक जण एकच बोलते: केवढी तुकडी पडेल! खायचा असेल तर मात्र समुद्रातून नुकताच आलेला चकचकीत मासा हवा. माझा कौल कोहोला. चिनूक इतका तेलकट की नारळाच्या रसात तो तेल सोडत बसतो; कोहो आमसुलाच्या तिखल्यात नीट वागतो.

याच दिवसांत काही नद्यांत आडवी जाळी दिसतात आणि काठावरच्या गरवणाऱ्यांची कुरकुर सुरू होते. जाळी इथल्या मूळ जमातींची. 1850च्या दशकात त्यांच्याकडून जमीन लिहून घेताना नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क करारात राखला गेला होता, आणि पुढे शंभर वर्षं तो बजावणाऱ्यांनाच पकडलं गेलं. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक धाकटे यांना पहिली अटक झाली चौदाव्या वर्षी. पुढे असे प्रसंग पन्नासाहून जास्त. 1974 साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरता येण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा जमातींचा. आज जमाती आणि राज्य मिळून हंगाम ठरवतात. कुरकुरणाऱ्यांना मी एवढंच विचारते, मूळ सातबारा कुणाच्या नावावर होता?

थंडी पडली की उरतं स्टीलहेड. हा खरं तर रेनबो ट्राउटच. एकाच घाण्यातली काही पिल्लं नदीतच राहतात, काही समुद्रात जाऊन पोलादी रंगाची, हात दुखवणारी होऊन येतात. परदेशी राहणाऱ्या मराठी लेखकाने इथे एक सुस्कारा टाकायची रीत आहे. मी टाकत नाही. स्टीलहेड खरोखर परत येतं, आम्ही डिसेंबरच्या तिकिटाचे भाव बघतो.

हजार वेळा दोरा फेकावा तेव्हा एक स्टीलहेड, असं इथे म्हणतात. आता तर मासेच कमी. बॅलार्डच्या जिन्यापाशी 1980च्या दशकात सागरसिंह ठाण मांडून त्यांचा फडशा पाडत. फटाके लावून झाले, पकडून कॅलिफोर्नियात सोडून झालं, ते पोहत परत आले. एक फायबरग्लासचा खोटा किलर व्हेलही आणून झाला. सागरसिंह बधले नाहीत आणि तिथली स्टीलहेडची चढण जवळजवळ संपली. 2007 पासून प्युजेट साउंडचं स्टीलहेड संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. हॅचरीच्या पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीअलीकडचा छोटा मांसल पर आधीच कापलेला असतो. पर नसलेला मासा घरी न्यायचा, पर असलेला जंगली, तो पाण्याबाहेर न उचलता तिथल्या तिथे सोडायचा.

आमचे शेजारी जानेवारीत पहाटे चारला निघतात, कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात दिवसभर उभे राहतात आणि बहुतेक वेळा कोरडेच येतात. मागच्या हिवाळ्यात एकदा चेहरा वेगळाच होता. जंगली मादी लागली होती, वीस मिनिटं झुंजली, सोडून दिली. हे सांगताना त्यांचे हात अजून थरथरत होते. धरलेल्या माशांची नोंद करायला एक कार्ड असतं आणि काहीच नेलं नसलं तरी एप्रिलअखेर ते कळवावं लागतं. सोडलेला मासा त्यात लिहायचा नसतो. त्यांनी स्टीलहेडपुढे शून्य कळवलं.

फोनवर आईला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘सोडायचाच होता तर धरला कशाला? आणि जाऊन-येऊन गाडीला तेल किती लागलं?’