५२ वजा २८ बरोबर ३६

जून उजाडला की देवळी-पुलगावकडच्या वह्यापुस्तकांच्या दुकानांत सराव पुस्तिकांचे गठ्ठे येऊन पडतात. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, त्यामुळे चाळायला आम्हाला वेळ जरा जास्तच मिळतो. दुकानदार विचारतो, "कितवीचा देऊ ताई?" आणि त्या इयत्तेचा संच पुढं करतो. मी इयत्ता सांगत नाही. "दोन-तीन इयत्तांचे दाखवा" म्हणते आणि कोपऱ्यात उभी राहून पानं उलटते.

पहिल्यांदा बघते ती उत्तराची जागा. सात-आठ वर्षांचं लेकरू मोठं अक्षर काढतं. त्याला दिलेली चौकट माझ्या करंगळीच्या नखाएवढी असेल तर ते पुस्तक मी खाली ठेवते. दुसरं, एका पानावर एकच काम आहे का ते बघते. काही पुस्तकांत एकाच पानावर बेरीज, रंग भरा, जोड्या लावा आणि वर एक हसरा हत्ती. मूल हत्तीच रंगवत बसतं. तिसरं, उत्तरं कुठं छापली आहेत. पानाखालीच उलटी छापली असतील तर तिथं सराव कसला, नक्कल होते. मागे वेगळी पानं असली की घरी आल्याबरोबर ती ब्लेडनं कापून घेते. आमच्याकडं ती पानं डाळीच्या डब्यांमागं असतात.

आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. म्हणजे जोडवर्ग. सर एका वर्गाला शिकवत असतात तेव्हा दुसरा वर्ग फळ्यावरचं उतरवत असतो. दोघंही मनापासून शिकवतात, पण चार इयत्तांतल्या प्रत्येक पोराची वही रोज उघडून बघणं दोन माणसांच्या आवाक्यातलं नाही. पाठ्यपुस्तकं सरकारकडून फुकट मिळतात, बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफही मिळतात, त्यामुळे पुस्तकाची अडचण कधी आली नाही. कमी पडायचा तो सराव, आणि तो बघणारं माणूस. माझा मोठा मुलगा तिसरीत गेला तेव्हा मी हे काम घरी घेतलं. मी बारावी झालेली, शिलाई मशीन चालवते, सीझनला वावरात जाते. शिक्षिका नाही.

आधी त्याला काय येतं ते पाहिलं. 'असर' नावाचं ग्रामीण भागातलं सर्वेक्षण 'प्रथम' ही संस्था २००५पासून करते. त्यात मुलापुढं एक साधा कागद ठेवतात: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथवर अडखळत नाही, ती त्याची पायरी. मी त्याच धर्तीवर जुन्या पाठ्यपुस्तकांतून उतारे काढले. वाचन ठीक निघालं. मग मी आकडे बोलत गेले आणि त्यानं लिहायचे. 'बहात्तर' म्हटलं, त्यानं २७ लिहिलं. 'तीनशे पाच' म्हटलं, ३००५ लिहिलं. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या पायाभूत शिक्षणाच्या अभियानाच्या उद्दिष्टांत पहिलीला ९९पर्यंत, दुसरीला ९९९पर्यंत आणि तिसरीला ९९९९पर्यंतच्या संख्या आहेत. म्हणजे गणितात पोरगं दुसरीच्याही अलीकडं होतं.

म्हणून भाषेची पुस्तिका तिसरीची घेतली आणि गणिताची दुसरीची. गणिताच्या पुस्तिकेला लगेच खाकी कव्हर घातलं. तरी जाऊबाईंनी ओळखलंच. "पोट्ट्याले दुसरीचं काहून दिलं वो? नापास झाला का थो?" मी म्हटलं, नापास नाही, मागची उधारी फेडून राहिला. त्यावर त्या हसल्या, पण नंतर त्यांच्या मुलीसाठीही त्यांनी इयत्ता न सांगता पुस्तक आणलं.

बहात्तरचा घोळ आमच्या घरातलाच नाही. आपण मराठीत दोन आधी बोलतो, सत्तर मागून, आणि लिहिताना मात्र सात आधी. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचायची पद्धत आली तेव्हा त्याची थट्टा विधानसभेपर्यंत पोचली होती. बातम्या बघून आम्हीही हसलो होतो. पण पोराला समोर बसवल्यावर तीच पद्धत हाताशी आली. आधी 'सत्तर दोन' म्हणायचं, लिहायचं, आणि लिहून झालं की 'बहात्तर' म्हणायचं. उलटसुलट लिहिणं हळूहळू थांबलं. घरी कुणी बहात्तर म्हणायचं विसरलं नाही.

आता त्या वजाबाकीबद्दल. पुस्तिकेतल्या एका पानावर हातच्याच्या वजाबाक्या होत्या. ५२ वजा २८, उत्तर ३६. खाली ७१ वजा ४५, उत्तर ३४. ६३ वजा २७, उत्तर ४४. पानभर असंच. लाल पेन असतं तर पान रक्तबंबाळ झालं असतं. मी लाल पेन वापरत नाही, चुकलेल्या गणिताशेजारी पेन्सिलीनं बारीक टिंब देते आणि विचारते, "हे कसं काढलंस?" त्यानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आठातून दोन गेले सहा. पाचातून दोन गेले तीन. बरोबर तं आहे!"

म्हणजे तो वरून खाली वजा करत नव्हता, मोठ्यातून लहान वजा करत होता. पानावर चुका पुष्कळ दिसत होत्या, पण चूक एकच होती, आणि ती त्यानं अगदी प्रामाणिकपणे प्रत्येक गणितात केली होती. अशा वेळी पुढची दहा पानं भरून घेतली असती तर तीच चूक दहा पानं पक्की झाली असती. माझ्या मते सराव पुस्तिकेचा खरा उपयोग इथं आहे. ती शिकवत नाही. मूल कुठं अडलंय ते दाखवते, तेही कुणीतरी शेजारी बसून बघितलं तर.

पुस्तिका बंद केली आणि तुराट्या आणल्या. तूर निघाल्यावर त्या आमच्याकडं घराच्या मागं रचलेल्याच असतात. बोटाएवढ्या काड्या मोडल्या, दहा-दहाच्या जुड्या चिंधीनं बांधल्या. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि म्हटलं, यातल्या अठ्ठावीस मला दे. दोन जुड्या त्यानं पटकन दिल्या. आठ सुट्या द्यायला गेला तर हातात दोनच. बराच वेळ बघत बसला. मग विचारलं, "जुडी सोडू का?" सोड म्हटलं. चिंधी सुटली, बारा सुट्या झाल्या, आठ मला मिळाल्या. त्याच्याकडं उरल्या दोन जुड्या आणि चार. शाळेत 'दशक सुटा करणे' म्हणतात ते हेच. काही दिवस पुस्तिका नुसती पडून होती आणि आम्ही जुड्याच सोडत बसलो. मग पुस्तिका उघडली तेव्हा तो प्रत्येक गणिताच्या वर जुडीचं चित्र काढायचा. पुढं चित्रही गेलं.

हे करताना मला गंमत वाटायची ती आमच्या जिल्ह्याची. १९३७ साली वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती आणि हाताच्या कामातून शिकवायची नई तालीमची कल्पना तिथून पुढं गेली. सेवाग्राम आमच्यापासून फार लांब नाही. पण दुकानात सगळ्यात जास्त खपतं ते गाइड.

वेळेचं गणित सगळ्यात अवघड. 'रोज संध्याकाळी मुलांना घेऊन बसा' हे सांगायला सोपं. ऑक्टोबरपासून कापसाची वेचणी लागते, त्याआधी सोयाबीनची सोंगणी. दिवसभर वाकून कापूस वेचलेली बाई संध्याकाळी चूल पेटवील की वजाबाकी बघेल? शिवाय लाइटचा भरवसा नसतो. म्हणून आम्ही सकाळ धरली. चहा झाला की अर्ध्या तासाच्या आत, ओट्यावर, जास्तीत जास्त दोन पानं. पान अर्धं राहिलं तरी उठायचं. सीझनमध्ये एकच पान, आणि एखाद्या दिवशी तेही नाही. खाडा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट पानं द्यायची नाहीत, हा नियम मी स्वतःला घातलाय, कारण दुप्पट दिलं की पोरगं हात चालवतं, डोकं नाही.

वेचणीनं एक काम मात्र सोपं केलं. कोणत्या बाईनं किती किलो वेचला याची नोंद आमच्या घरी एका वहीत होते. ३८, ४१, २७ असे आकडे. छापील पुस्तिकेतली बेरजेची पानं संपली तेव्हा मी ती वहीच त्याच्यापुढं ठेवली. दोघींचा मिळून किती? हिनं तिच्यापेक्षा किती कमी वेचला? किलोला दहा रुपये धरले तर हिचे किती झाले? आपल्या मावशीचा हिशेब म्हटल्यावर तो उत्तर दोनदा तपासायचा. पुस्तिकेत मेट्रोची तिकिटं असतात, त्यांच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

वाचनाच्या पानांचं काम सासूबाईंकडं आहे. त्यांना वाचता येत नाही आणि त्याचाच फायदा झाला. मी शेजारी असले की तो भरभर वाचून मोकळा होतो, कारण गोष्ट मला दिसतेच. आजीला दिसत नाही. तिला सांगावंच लागतं. "मंग थो कोल्हा तिकडं काहून गेला?" असं ती विचारते आणि मग याला मागं जाऊन वाचावं लागतं. पुस्तिकेतल्या 'एका वाक्यात उत्तरे लिहा'पेक्षा हे प्रश्न अवघड असतात. लिहिताना तो 'मला'च्या जागी 'मले' लिहून जातो. ते मी खोडत नाही, शेजारी पुस्तकातलं रूप लिहून देते. परीक्षेत कोणतं लिहायचं ते त्याला कळतं.

पैशाचंही बोलायला हवं. पुस्तिका एकदा भरली की रद्दी, आणि घरात दुसरं लेकरू आहे. म्हणून गणिताची उत्तरं वहीत लिहायला लावते. अक्षर गिरवायची पानं धाकटीला लागतात. त्यांच्यावर फाइलचा पारदर्शक कागद ठेवते आणि पुसता येणारं मार्कर देते. ओल्या कपड्यानं पुसलं की पान पुन्हा कोरं. सरकारनं २०२३-२४मध्ये पाठ्यपुस्तकांतच नोंदीसाठी कोरी पानं घातली होती, नंतर ती काढून टाकली. आमच्याकडं ती पानं कामाची ठरली होती. कोऱ्या पानावर तो स्वतःच उदाहरणं तयार करून मला सोडवायला द्यायचा, आणि माझं उत्तर तपासताना त्याचा चेहरा अगदी सरांसारखा व्हायचा.

महिन्यातून एखादेवेळी पुस्तिका सरांना दाखवते. सगळी नाही, अडलेली दोन पानं. तुराटीच्या जुड्या त्यांना आवडल्या, वर्गातही त्यांनी करून घेतल्या. त्यांनी एक उपयोगाची गोष्ट सांगितली: एकाच प्रकारची गणितं ओळीनं दिली की मूल चिन्ह बघायचं सोडतं. तेव्हापासून मी जुन्या पानांतली पाच-सहा गणितं उचलून मिसळून देते, बेरजेत वजाबाकी, वजाबाकीत बेरीज. त्या दिवशी हमखास चुकतं.

शाब्दिक उदाहरणं अजून जमत नाहीत. दोन आकडे दिसले की तो त्यांची बेरीज करतो, मग शेळ्या विकल्या असोत की हरवल्या असोत. सध्या आकडे झाकून उदाहरण वाचायला लावते आणि आधी विचारते, शेवटी शेळ्या वाढल्या की घटल्या? निम्म्या वेळा बरोबर सांगतो.

गावात आता तिसरीपासूनच नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची पुस्तकं घ्यायची टूम आहे. पाचवीतली ती परीक्षा, दोन तासांत ऐंशी प्रश्न, त्यांतले निम्मे आकृत्यांचे. जाऊबाईंनी आणलेलं पुस्तक मी चाळलं. गणिताची पानं आत्ता त्याला नकोत, तशीच बंद केली. आकृत्यांच्या दोन पानांचे फोनवर फोटो काढले. ती त्याला भलतीच आवडली आहेत, सकाळी वजाबाकीच्या आधी तीच मागतो, आणि मी म्हणते, आधी जुड्या.