तुक्का नव्हे, हरण्या

झड थांबली होती, तरी आभाळ भरलेलंच होतं. रावेरजवळच्या एका मळ्यात मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली, केळी पिवळी पडत होती. दुकानदाराने दिलेली सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारून झाली, फरक शून्य. केळीचा सल्ला देणं हे माझं काम. पण त्या दिवशी मुद्दाम मागे राहिलो आणि सोबतच्या मुलीला पुढे केलं. एम.एस्सी.ला पहिली आलेली, आमच्याकडे नवीन.

ती ओळीओळीतून फिरली, पोंगा, म्हणजे शेंड्याचं गुंडाळलेलं कोवळं पान, उकलून पाहिला, बांधापलीकडचे गिलक्याचे वेल पाहिले आणि म्हणाली, "नाना, हा हरण्या आहे. व्हायरस. याला औषध नाही. ही झाडं आजच मुळासकट उपटून नष्ट करा, नाहीतर मावा ही कीड तो सगळ्या बागेत नेईल."

नाना भडकले. टिश्यू कल्चरच्या रोपांना पैसे मोजलेले, कोण उपटेल? ती हटली नाही. एकेक झाड दाखवत गेली. शेवटी नानांनीच कुदळ मागवली.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "सर, तुक्का लागला. कधीतरी उघडी पडणार मी. पहिली आले तेही पेपर सोपे होते म्हणून."

'हुशार आहेस गं' हे अगदी जिभेवर आलं होतं, पण गिळलं. अशा माणसाला शाबासकी दिली की देणारा भोळा ठरतो. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांबद्दल हेच लिहिलं होतं: यश नशिबाच्या नावावर टाकायचं आणि आपण लोकांना फसवतोय म्हणून धास्तावत राहायचं. हा काही आजार नाही, आणि पुरुषही यातून सुटत नाहीत.

म्हणून उलट विचारलं, "अन्नद्रव्याची कमतरता का नाही?"

"ती रानभर दिसली असती. इथे मधूनमधून काहीच झाडं धरलीत."

"मग करपा, बुरशीचा?"

"त्याचे ठिपके आधी खालच्या पानांवर येतात. इथे कोवळ्या पानांवर पट्टे आहेत, पोंगा सडतोय."

"याला तुक्का म्हणतात?"

"हे तर पुस्तकात असतं, सर!"

मला हसू आलं. दुकानदाराने पानही न बघता बाटली दिली होती, आणि त्याला रात्री गाढ झोप लागत असणार. ज्याने शंका घ्यायची तो घेत नाही.

तिला सांगितलं, निदान बोलण्याआधी कारणं वहीत लिही, पुढे काय निघालं तेही लिही. नशिबाचा वाटा किती, ते वहीच सांगेल.

पुढचा मळा यावलकडे होता. उतरताना तिने विचारलंच, "आधी तुम्ही बघता का?" मी म्हटलं, माझे गुडघे दुखतायत.