कर्नल ५.१५ नंतर ८०० मेगाहर्ट्झवर अडकलेला हॅसवेल

सेलूच्या अभ्यासिकेला दिलेला जुना लॅपटॉप दुरुस्तीसाठी परत परभणीला माझ्याकडं आला होता, तो आज मार्गी लागला. मशीन अशी: कोअर आय५-४२००यू, म्हणजे चौथ्या पिढीचा हॅसवेल, ८ जीबी रॅम, एसएसडी, लिनक्स मिंट २०.३ एक्सएफसीई. अपडेट मॅनेजरमधून कर्नल, म्हणजे लिनक्सचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा, ५.४ वरून ५.१५ वर नेला, बाकी कशालाही हात लावला नव्हता. दुसऱ्याच दिवशी अभ्यासिका चालवणाऱ्या मावसभावाचा फोन, "दादा, पीडीएफचं पान पलटायलाबी टाइम लागायलाय. आधी असं नव्हतं."

आपल्याकडं मे महिन्यात लॅपटॉप हळू झाला की पहिला संशय उन्हावर जातो. अभ्यासिकेवर पत्रे आहेत, दुपारी आत पंखासुद्धा गरम हवाच फेकतो, त्यामुळं तो संशय रास्तच. पण तापून मंदावलेला प्रोसेसर आधी नव्वदीच्या पुढं जातो आणि मग खाली येतो. इथं 'सेन्सर्स' कमांड पूर्ण लोडवर पन्नाशीतलं तापमान दाखवत होती, आणि 'थर्मल_थ्रॉटल' फोल्डरमधला 'कोअर_थ्रॉटल_काउंट', म्हणजे तापल्यामुळं प्रोसेसर किती वेळा मंदावला तो आकडा, शून्य होता. म्हणजे पेस्ट, धूळ, पंखा हे सगळं बाजूला.

दुसरा संशय चार्जरचा. काही लॅपटॉप चार्जर ओळखता आला नाही की प्रोसेसरला बीडी-प्रॉकहॉट, म्हणजे 'तापलायस, हळू हो' असा बाहेरून येणारा सिग्नल देऊन सगळ्यात खालच्या स्पीडवर दाबून ठेवतात, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. डुप्लिकेट चार्जर सगळीकडं मिळतात, म्हणून हे तपासावंच लागतं. पण त्यासाठी लगेच एमएसआर रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या नोंदी, वाचत बसायची गरज नाही. प्रोसेसर वर जाऊ शकत नाहीये, की कर्नलच त्याला वर जा म्हणत नाहीये, एवढं आधी ठरवायचं. रूट होऊन चारही सीपीयूंच्या 'स्केलिंग_गव्हर्नर' फाइलमध्ये 'परफॉर्मन्स' लिहिलं. गव्हर्नर म्हणजे स्पीड कधी किती ठेवायचा ते ठरवणारा कर्नलचा नियम. त्याआधी 'वॉच' लावून चारही सीपीयूंचा स्पीड सतत दाखवणाऱ्या टर्मिनलमध्ये मेगाहर्ट्झच्या चार ओळी होत्या: ७९८, ७९८, ७९७, ७९८. लोड द्या, काढा, आकडे जागचे हलत नव्हते. 'परफॉर्मन्स' लिहिताक्षणी चारही ओळी तेवीसशेच्या आसपास पोचल्या. हार्डवेअर निर्दोष.

आता खरी गोष्ट. 'सीपीयूफ्रेक' फोल्डरमध्ये 'स्केलिंग_ड्रायव्हर' नावाची एक ओळीची फाइल असते, स्पीड कोणता ड्रायव्हर सांभाळतोय ते सांगणारी. ५.१५ मध्ये तिच्यात 'इंटेल_सीपीयूफ्रेक' आलं. रीबूट करून ग्रबच्या, म्हणजे बूट मेनूच्या, अ‍ॅडव्हान्स्ड यादीतून जुना ५.४ उघडला, तर तिथं 'इंटेल_पीस्टेट'. गव्हर्नर मात्र दोन्हीकडं एकच, 'पॉवरसेव्ह'. हा 'पॉवरसेव्ह' टीएलपी या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या कॉन्फिगमधून येत होता. ५.४ च्या काळात मीच ती ओळ घातली होती आणि तेव्हा ती अगदी बरोबर होती.

इंटेल पीस्टेट ड्रायव्हर ३.९ कर्नलपासून, म्हणजे २०१३ पासून आहे. तो अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये असला की स्वतःचंच गणित चालवतो आणि दोनच गव्हर्नर दाखवतो, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. त्यातला पॉवरसेव्ह लोड बघून स्पीड खाली-वर करतो. पॅसिव्ह मोडमध्ये हाच ड्रायव्हर 'इंटेल_सीपीयूफ्रेक' नावानं दिसतो आणि निर्णय कर्नलच्या सर्वसाधारण गव्हर्नरांकडं जातो. तिथं यादी लांब होते: ऑनडिमांड, कन्झर्व्हेटिव्ह, शेडयूटिल वगैरे. आणि तिथला पॉवरसेव्ह लोडकडं बघतच नाही, मर्यादेतली सगळ्यात कमी फ्रिक्वेन्सी धरून बसतो. या चिपला ती ८०० मेगाहर्ट्झ आहे.

२०२० च्या ५.७ कर्नलपासून ज्या प्रोसेसरमध्ये एचडब्ल्यूपी, म्हणजे चिपनं स्वतःच स्पीड ठरवायची सोय, नाही, त्यांच्यासाठी पॅसिव्ह हा डिफॉल्ट झाला. एचडब्ल्यूपी आलं २०१५ च्या स्कायलेकबरोबर. म्हणून सहाव्या पिढीपासून पुढचे लॅपटॉप वापरणाऱ्यांना हाच कॉन्फिग, हाच कर्नल असूनही काही जाणवत नाही, आणि ते मनापासून सांगतात की माझ्याकडं तर व्यवस्थित चालतंय. 'सीपीयूइन्फो'च्या फ्लॅग्जमध्ये 'एचडब्ल्यूपी' शोधा, लगेच कळतं.

उपाय दोन होते. ग्रबमध्ये 'इंटेल_पीस्टेट=अ‍ॅक्टिव्ह' घालून जुनी वागणूक परत आणायची, किंवा टीएलपीमध्ये चार्जर आणि बॅटरी दोन्हींच्या ओळींत 'शेडयूटिल' लिहायचं. मी शेडयूटिल घेतलं. तो ४.७ पासून कर्नलमध्ये आहे आणि शेड्युलरकडूनच, म्हणजे सीपीयूला कामं वाटून देणाऱ्या भागाकडूनच, लोडची माहिती घेतो, शिवाय बूट पॅरामीटर जितके कमी तितकं पुढच्या माणसाला मशीन समजायला सोपं. आता रिकामं असताना आकडे ८०० च्या जवळ, पीडीएफ उघडताना क्षणभर २६०० च्या आसपास, पूर्ण लोडवर तेवीसशे. लोडवरचं तापमान सत्तरीत गेलं, ते या चिपसाठी ठीक आहे.

बॅटरीसाठी तरी ८०० च ठेवा, असं एकानं सुचवलं. मला पटत नाही. काम लवकर उरकून झोपणारा प्रोसेसर बहुतेक वेळा कमी वीज खातो, आणि लाईट गेल्यावर पोरांनी संथ स्क्रीनकडं बघत का बसायचं? त्यांचा वेळ बॅटरीपेक्षा मोलाचा आहे.

हीच माहिती दाखवणारी 'सीपीयूपॉवर' कमांड नव्या कर्नलवर त्याच आवृत्तीचं टूल्स पॅकेज मागते. नेट नसेल तर अडू नका, वर सांगितलेल्या फाइली साध्या 'कॅट'नं वाचता येतात.

पुढचा नंबर नांदेडच्या मित्राच्या एएमडी रायझन लॅपटॉपचा. एएमडीच्या चिप्ससाठी 'एएमडी-पीस्टेट' ड्रायव्हर कर्नल ५.१७ मध्ये आला आणि ६.५ पासून झेन २ या पिढीच्या व पुढच्या बऱ्याच चिप्सवर तो अ‍ॅक्टिव्ह मोडमध्येच सुरू होतो. तिथं पुन्हा परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह हे दोनच गव्हर्नर, म्हणजे आज लिहिलेली शेडयूटिलची ओळ तिथं चालणार नाही. त्याला सांगितलंय, अपग्रेडच्या आधी ड्रायव्हर, गव्हर्नर आणि उपलब्ध गव्हर्नरांची यादी, तिन्ही फाइलींचा मजकूर मला पाठवून दे.