तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कुणी केलं नाही, मग पेटंट का अडतं?

सांगली-साताऱ्यातल्या साखर कारखान्यांचे इंजिनिअर हा प्रश्न नेहमी विचारतात. उत्तर असं, की शोध नवा असणं पुरेसं नाही. पेटंट कायदा, १९७० च्या कलम २ प्रमाणे तो त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचणाराही नसावा. हा जाणकार म्हणजे डिस्टिलरीतला अनुभवी प्रोसेस इंजिनिअर समजा. छापून आलेलं त्याला सगळं माहीत असतं, कल्पकता मात्र बेताची.

एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीतलं सांडपाणी, निघतो. तो आटवून ५५-६० ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे त्यात विरघळलेल्या घटकांची टक्केवारी) न्यायचा आणि बगॅसबरोबर, म्हणजे उसाच्या चोथ्याबरोबर, बॉयलरमध्ये जाळायचा, ही रीत जुनी. आटवणीचा एक टप्पा वाढवून वाफ वाचवलीत, तर किती वाचेल हे तो जाणकार कागदावर मांडून दाखवेल. असा अर्ज टिकत नाही. ओळखीची यंत्रं नुसती एकापुढे एक जोडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर कलम ३(एफ) आडवं येतं. भांडी कातण्याच्या पद्धतीचं एक पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, त्यात कारागिराच्या नेहमीच्या कसबापलीकडे काही नाही म्हणून, टिकू दिलं नाही.

पेटंटला खरी जागा न सुटलेल्या अडचणीत असते. स्पेंटवॉशमध्ये पोटॅश फार. त्यामुळे राख लवकर वितळते, सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) नळ्यांना चिकटते आणि बॉयलर थांबवून ती खरवडावी लागते. केओलिनने (एक पांढरी चिनी माती) पोटॅश बांधला जातो हे माहीत आहे, त्यामुळे नुसतं केओलिन घालण्याला अर्थ नाही. पोटॅशबरोबर वाळू आली की राख आणखी लवकर वितळते, हेही जाणकार सांगेल. समजा, कुपवाडच्या फाउंड्रीतली टाकाऊ बेंटोनाइट-वाळू (साच्यांसाठी चिकणमाती मिसळलेली वाळू) ठरावीक जाडीची आणि ठरावीक प्रमाणात घातल्यावर चिकटा उलट कमी झाला. जाणकार ज्या वाटेला गेलाच नसता ती ही वाट, आणि हाच तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा.

तो आकड्यांनी दाखवा. तोच बॉयलर, तोच भार, तोच ब्रिक्स ठेवून काहीही न घालता, केओलिन घालून आणि वाळू घालून, अशा तीन चाचण्या घ्या. राख मऊ पडण्याचं तापमान आणि दोन साफसफायांमधले दिवस नोंदवा. प्रमाण कमी-जास्त झालं की काय बिघडतं, तेही लिहा. हे सगळं पूर्ण स्पेसिफिकेशनमध्येच, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या सविस्तर वर्णनातच, हवं, कारण मागाहून त्यात नवा मजकूर घालता येत नाही.

पेटंट कार्यालयाचा परीक्षक दोन जुने कागद जोडून ‘हे सुचलंच असतं’ म्हणतो, तेव्हा तुमचा शोध न पाहता, अर्जाच्या तारखेला ते कागद कुणी आणि कशासाठी जोडले असते, हे विचारा. पहिल्या परीक्षण अहवालाला उत्तर द्यायला सहा महिने मिळतात.