एका बोटाने दाखवलेली पोटदुखी

पोट दुखते म्हणून येणाऱ्या बहुतेक स्त्रिया दुखणे दाखवताना तळहात पोटभर फिरवतात. काही मात्र प्रत्येक वेळी बेंबीच्या खाली, थोड्या बाजूला, नेमक्या त्याच जागी बोट ठेवतात. अशा रुग्णेला गॅसेसची गोळी देऊन परत पाठवणे मला कधीच पटलेले नाही.

तिथे स्पिगेलियन हर्निया असू शकतो. पोटावरच्या उभ्या स्नायूच्या बाहेरच्या कडेला जो चिवट पडदा असतो, त्यात फट पडून तो होतो. पदुआ येथे शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या स्पिगेलियस यांचे नाव त्याला मिळाले असले, तरी त्याचे पहिले वर्णन १७६४ साली क्लिंकोश यांनी केले. पोटाच्या भिंतीच्या एकूण हर्नियांत त्याचे प्रमाण जेमतेम १ ते २ टक्के आहे. शिवाय बाहेरचा थर बहुधा शाबूत राहतो आणि चरबी किंवा आतडे त्याच्याखालीच सरकते, त्यामुळे फुगवटा दिसत नाही. मग गर्भाशय आणि अंडाशयाच्या तपासण्या होतात, त्या निर्दोष येतात आणि दुखणे 'मानसिक' ठरवले जाते. हा त्या बाईवर अन्याय आहे.

तपासणी अवघड नाही. रुग्णेला उताणे झोपवून दुखऱ्या जागी बोट दाबून धरावे आणि हातांचा आधार न घेता डोके व खांदे उचलायला सांगावे; दुखणे तेवढेच राहिले किंवा वाढले, तर त्याचे मूळ बहुधा पोटाच्या भिंतीतच असते. अर्थात एवढ्याने हर्निया सिद्ध होत नाही, कारण स्नायूत दबलेली नस किंवा सिझेरियनच्या व्रणातील एंडोमेट्रिओसिसही, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशींची तिथे झालेली वाढही, असेच दुखते. पाळीच्या दिवसांत कळ वाढत असेल, तर व्रणाकडे आधी पाहावे. त्यानंतर रुग्णेला उभे करून खोकायला लावावे. सोनोग्राफीला पाठवताना मी दुखऱ्या जागेवर पेनाने खूण करते आणि रुग्णेला उभे करून, जोर करायला लावून पाहावे असे चिठ्ठीत लिहिते, कारण झोपल्यावर हर्निया आत सरकला की अहवाल 'नॉर्मल' येतो. शंका उरली तर सीटी स्कॅन करावा.

फट बहुधा लहान आणि तिच्या कडा घट्ट असल्याने आतडे अडकण्याचा धोका मोठा असतो. म्हणून निदान पक्के झाल्यावर शस्त्रक्रिया लांबवू नये. दुर्बिणीतून जाळी बसवता येते. त्याआधीच कळ थांबेनाशी झाली, उलट्या सुरू झाल्या किंवा पोट फुगले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.