जपानी, जर्मन, स्पॅनिश आणि एक चूक

दोन वर्षांपूर्वी, भाषेच्या सरावासाठी ओळख झालेल्या लिस्बनच्या एका गृहस्थांनी त्यांच्या आईने केलेल्या माशाच्या कालवणाचे छायाचित्र मला पाठवले आणि मी अगदी मनापासून ते फार 'एश्किझीतु' दिसते आहे, असे लिहून मोकळी झाले. स्पॅनिशमध्ये 'एक्स्किसितो' म्हणजे रुचकर. पोर्तुगीजमध्ये जवळजवळ तसाच लिहिला जाणारा हा शब्द मात्र 'विचित्र' या अर्थाने वापरतात. त्यांनी ते हसण्यावारी नेले, परंतु मी त्याच आठवड्यात पोर्तुगीजचे पुस्तक कपाटात ठेवून दिले.

त्या वेळी जपानी शिकायला लागून मला तीन वर्षे झाली होती, जर्मन दुसऱ्या वर्षात होती आणि स्पॅनिशला जेमतेम आठ महिने झाले होते. शिक्षक कोणत्याच भाषेला नव्हता. पुस्तके, ध्वनिफिती आणि सकाळ-संध्याकाळचा वेळ एवढ्यावरच सगळे चालले होते. पोर्तुगीज हाती घेण्याचे कारण म्हणजे निव्वळ मोह. पाव, बटाटा, चावी, लिलाव हे सगळे शब्द आपल्याकडे तिथूनच आलेले. तेव्हा ज्या भाषेचे इतके शब्द आधीच घरात येऊन बसले आहेत ती अर्धी तर येतेच, असा माझा समज झाला. अडचण मराठीची नव्हतीच, स्पॅनिशची होती. 'पोल्वो' हा शब्द स्पॅनिशमध्ये धूळ आणि पोर्तुगीजमध्ये ऑक्टोपस, हे पाठ करता येते. पण शंभर शब्द सारखे आणि त्यांतले पाच दगा देणारे असले, की प्रत्येकच शब्द उच्चारताना जीभ अडखळते आणि आधी पक्की झालेली स्पॅनिशही डळमळू लागते.

याउलट जपानीने कोणत्याच भाषेच्या वाटेत पाय घातला नाही, आणि याचे श्रेय मी बरेचसे मराठीला देते. पहिले वर्षभर मी इंग्रजी पुस्तकांतून इंग्रजी स्पष्टीकरणे वाचत होते आणि क्रियापद शेवटी येते, नामापुढे प्रत्ययासारखे शब्द लागतात, या गोष्टी तिथे एखाद्या चमत्कारासारख्या समजावलेल्या होत्या. मग एके दिवशी 'वाताशी गा किनो योन्दा होन' हे शब्द मी वहीत लिहिले आणि प्रत्येकाखाली मराठी शब्द मांडला: मी, काल, वाचलेले, पुस्तक. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. इंग्रजीतून जायचे तर हीच रचना मागून पुढे उलगडावी लागते. त्या दिवसापासून माझ्या सगळ्या वह्यांमधून इंग्रजी हद्दपार झाली. जपानी अक्षरांचा क्रमही आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासाचा तो ठसा आहे. यातला 'हा' प्राचीन काळी 'पा' होता हे कळले, की तो 'ना' आणि 'मा' यांच्या मध्ये का बसला आहे, याचाही उलगडा होतो. नित्य वापरातल्या २,१३६ कांजींना, म्हणजे चिनी लिपीतून घेतलेल्या अक्षरचिन्हांना, मात्र मराठीची काहीच मदत होत नाही. तिथे रोज पहाटे बसून गिरवणे एवढाच मार्ग आहे.

जर्मनमध्ये पंचवीस हा आकडा 'पाच आणि वीस' असाच म्हणतात, त्यामुळे ज्या आकड्यांपाशी इंग्रजीतून येणारे लोक धडपडतात तिथे मला फारसा त्रास झाला नाही. फक्त एकोणतीस म्हणताना तीसकडे बघण्याची आपली सवय सोडून 'नऊ आणि वीस' म्हणावे लागते. तीन लिंगे असतात याचे आपल्याला नवल वाटत नाही, पण सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी हे स्वीकारायला वेळ लागला, कारण स्पॅनिशमध्ये नेमके उलट आहे.

सरमिसळ होते ती मोठ्या शब्दांची नव्हे, असे माझ्या लक्षात आले आहे. विमानतळ, औषध, भाडे हे शब्द ज्याच्या त्याच्या जागी राहतात; घसरतात ते 'आणि', 'पण', 'म्हणून' असे बारके शब्द. जर्मन वाक्य बोलताना माझ्या तोंडून 'उंड'ऐवजी स्पॅनिश 'इ' कितीतरी वेळा निसटला आहे, मराठी 'आणि' मात्र एकदाही नाही. मातृभाषा आपल्या खोलीत स्वस्थ असते आणि परक्या भाषा मात्र एकाच खोलीत दाटीवाटीने राहतात, असे काहीसे हे प्रकरण आहे.

खरी कसोटी उजळणीच्या हिशेबाची असते. विसरण्याचा वेग जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवला होता आणि त्यावरचा उपाय म्हणून वाढत्या अंतराने उजळणी करवून घेणारे 'अंकी' हे सॉफ्टवेअर मी वापरते. तीन भाषांचे रोज दहा-दहा नवे शब्द घेतले तेव्हा दोन महिन्यांत 'अंकी'त रोज उजळायचे शब्दांचे पत्ते (कार्डे) अडीचशेच्या पुढे गेले आणि वाचन, ऐकणे, लिहिणे सगळेच बंद पडले. तेव्हापासून नवे शब्द एका वेळी एकाच भाषेचे घेते. बाकीच्या दोन भाषा केवळ टिकवून धरते, म्हणजे त्यांची उजळणी आणि चार पाने वाचन, एवढेच. साधारण चार महिन्यांनी पाळी बदलते. त्यामुळे 'एकाच वेळी तीन भाषा शिकते' हे लोकांना सांगताना मला हल्ली थोडा संकोच वाटतो.

या सगळ्यावर एक मैत्रीण विनोबांचे उदाहरण देते, कारण त्यांनी वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेतल्या चारही भाषांचा अभ्यास एकदमच केला आणि त्या तर एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. मी तिला सांगते, की त्यांच्यापाशी विनोबांची बुद्धी होती आणि तुरुंगातला वेळही होता. तुरुंग हा शब्दही पोर्तुगीजच, असे ती त्यावर म्हणते. पोर्तुगीजचे पुस्तक अजून कपाटातच आहे. यंदा डिसेंबरमधली जपानीची परीक्षा झाली, की स्पॅनिशची पाळी आहे.